पंचेचाळीस लिहिलेली उशी

मी एक जुनी उशी आहे, पण माझ्यावर डोकं टेकून आजवर कुणालाही झोप लागलेली नाही. एक तेवढा अपवाद आहे, आणि तो पुढे येईलच.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या उशा चौकोनी आणि मऊ असतात. मी तिरकी आहे. एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला सुरीच्या पात्यासारखी बारीक. दारावर लाल दिवा असलेल्या, एक्स-रे काढायच्या खोलीत मी राहते. खोलीत लांब गार टेबल आहे आणि त्याच्यावर छताला टांगलेलं जड यंत्र. कोपऱ्यात पडदा आहे, कपडे बदलायला. भिंतीवर दिव्याची एक पेटी आहे, तिच्यावर फोटो लावले की आतली हाडं उजळून दिसतात. त्या पेटीच्या वर एक घड्याळ. माझं सगळं आयुष्य या एवढ्या जागेत गेलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पिवळ्या फोमची भलीमोठी लादी होती आणि तिला तापलेल्या तारेने कापत होते एक काका. त्यांना एक डोळा बारीक करून बघायची सवय होती. तार फिरली, धूर निघाला आणि मी लादीपासून सुटी झाले. काकांनी माझ्या कुशीला कोनमापक लावला, तुमच्या कंपासपेटीत असतो तसाच, फक्त मोठा. बरोबर पंचेचाळीस अंश. ते खूश झाले. शिलाईच्या टेबलावर मला लाल रेक्झिनचा झगा मिळाला आणि शेवटी माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात ठळक आकडा आला : ४५. मला वाटलं, हे माझं नाव. पुढे कळलं की ते नाव नव्हतं, तो शब्द होता. मी सगळ्यांना दिलेला.

या खोलीत मला पहिल्यांदा हात लावला तो फोटोबाईंनी. एक्स-रे त्या काढत, म्हणून सगळं इस्पितळ त्यांना फोटोबाई म्हणे. बाई अंगाने लहानशा, पण चांगल्या धिप्पाड माणसालाही टेबलावर अशा वळवत की त्याला कळायच्या आत तो वळलेला असे. लहान मुलं यायची ती रडतच यायची. मग बाई मला उचलून म्हणत, "ही आमची घसरगुंडी. हिच्यावर कोण बसणार?" रडणं अर्धं तिथेच थांबायचं. मला फार बरं वाटायचं.

माझं खरं काम मात्र गमतीचं नव्हतं. ते जरा समजावून सांगते, कारण पुढची सगळी भीती त्यातूनच आली.

तुमच्या मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. कमरेच्या हाडात एक वाटी असते, त्या वाटीत हा चेंडू बसतो. यालाच खुबा म्हणतात. तुम्ही उभे राहिलात की अंगाचं सगळं ओझं वाटीच्या छतावरून त्या चेंडूवर येतं. माणूस उंचावरून कुशीवर पडला, तर कधी कधी ही वाटीच फुटते. फुटली की प्रश्न उभा राहतो : भेग छताच्या मधोमध गेली आहे, की बाजूला? बाजूला असेल तर पायाला वजन बांधून माणसाला आठ आठवडे पडून राहावं लागतं आणि हाड आपलं आपण जुळून येतं. मधोमध असेल तर पडून राहून भागत नाही. पाऊल टाकलं की ओझं भेगेवरच येणार, चेंडू खरडत जाणार आणि माणूस जन्मभर लंगडणार. अशा वेळी मोठ्या शहरात नेऊन, वाटी उघडून, प्लेट आणि स्क्रू लावून ती जुळवावी लागते. तेही पहिल्या दोन आठवड्यांत झालेलं बरं. उशीर झाला की तुकडे भलत्याच जागी चिकटायला लागतात.

हे ठरवायला आमचे हाडांचे डॉक्टर तीन फोटो काढायला सांगत. एक सरळ, एक माणसाला या कुशीवर कलवून, एक त्या कुशीवर. कलवायचं ते बरोबर पंचेचाळीस अंश. म्हणजे माझ्यावर. मग डॉक्टर मेणाच्या पेन्सिलने फोटोवर चेंडूचा मध्य काढत. मध्यातून एक रेघ सरळ वर, दुसरी रेघ भेग जिथे छताला भिडते तिथवर. दोन रेघांमधला कोन मोठा, तर भेग छतापासून लांब. तिन्ही फोटोंत पंचेचाळीसच्या वर आला तर बहुतेक वेळा ऑपरेशन टळे. एकात जरी खाली आला, तरी डॉक्टरांची भुवई वर जाई.

पण माणूस नीट कललाच नसेल तर? मग भेग फोटोत भलतीकडेच दिसते आणि कोन खोटा येतो. फोटो मात्र अगदी स्वच्छ, सुबक. त्याच्याकडे बघून कुणाला काही वाटत नाही.

आणि मित्रांनो, मी बसायला लागले होते.

फोमचं असंच असतं. शेकडो माणसं अंगावर रेलली, आतली हवेची घरं एकेक करून दबली. वरून रेक्झिनचा झगा तसाच लाल, तसाच तुकतुकीत. आतून मात्र माणूस टेकला की मी फुस्स करून खाली जायचे आणि पंचेचाळीसच्या जागी चाळीस व्हायचे. पुढे अडतीस. पुढे आणखी कमी. फोटोबाईंच्या हाताला ते सगळ्यात आधी कळलं. त्यांनी भांडारात जाऊन नवी उशी मागितली. भांडारवाल्यांनी विचारलं, फाटली आहे का? बाई म्हणाल्या, फाटली नाही, बसली आहे. ते म्हणाले, फाटली की बघू.

बाई परत आल्या. त्यांनी एक जुनी चादर घेतली, तिच्या चार घड्या घातल्या आणि माझ्या उंच बाजूखाली सारल्या. माणूस बारीक असेल तर चार, जाडा असेल तर सहा. मग त्या फोटो बघत आणि मान हलवत. फोटो बरोबर आला की नाही हे ओळखायची त्यांची एक खूण होती. कमरेच्या हाडात खालच्या बाजूला दोन भोकं असतात. दुखऱ्या कुशीखाली उशी देऊन माणूस नीट कलला, की त्या बाजूचं भोक पुरतं उघडतं, टपोरं दिसतं. कमी कलला तर ते मिटत आलेल्या डोळ्यासारखं बारीक राहतं. बाईंचे फोटो वर्षानुवर्षं असे टपोऱ्या डोळ्याचे आले. इतके, की डॉक्टरांनी त्या भोकाकडे बघायचंच सोडून दिलं. बाईंचा फोटो म्हणजे बरोबर, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

चादरीची ही युक्ती बाईंनी कुठे लिहून ठेवली नाही. लपवायची म्हणून नव्हे. हाताला लागलेली सवय कुणी लिहीत नाही, एवढंच.

मग बाईंच्या लेकीचे दिवस भरत आले आणि बाईंनी महिन्याभराची रजा काढली. त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली. नुकतीच शिकून आलेली, हुशार, टापटिपीची. सगळे तिला नवी म्हणू लागले. जाण्याआधी बाईंनी तिला सगळं दाखवलं. कुठलं बटण अडतं, कुठला दरवाजा ओढून लावायचा, कुठल्या डॉक्टरांना घाई असते. चादरीबद्दल त्या बोलल्या नाहीत. ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पहिल्याच दिवशी नवीने माझ्या खालच्या फळीवरची ती मळकट चादर उचलली आणि धुवायला दिली. चादर पुन्हा या खोलीत आली नाही. कुठल्या तरी वॉर्डात कुणाच्या तरी पलंगावर गेली असेल.

माझी भीती सुरू झाली ती त्या दिवशी.

चौथ्या दिवशी एक घड्याळजी आले. म्हातारे, किडकिडीत, जिन्यावरून कोसळलेले. नवीने मला पुढे घेतलं, माझ्या अंगावरचा आकडा वाचला आणि त्यांना हळूच माझ्यावर कलवलं. मी फुस्स केलं. तेवढाच आवाज मला काढता येतो. नवीला वाटलं, रेक्झिन वाजलं. कळ सोसत पडल्या पडल्या घड्याळजींचं लक्ष भिंतीकडे होतं. म्हणाले, "तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, पोरी. बरा झालो की येऊन लावून देतो." नवी हसली. फोटो निघाले. डॉक्टरांनी कोन मोजले, पंचेचाळीसच्या वर भरले आणि घड्याळजींना घरी पडून राहायला सांगितलं.

मी रात्रंदिवस एकच विचार करायचे. तो कोन त्यांचा होता, की माझा?

पाठीचे फोटोही माझ्यावर निघतात. तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. दोन आठवडे तसेच फोटो आले आणि मला जरा धीर आला. मग एका सोमवारी स्ट्रेचरवरून रंगारी आला.

रंगारी तरणाबांड होता. एका शाळेच्या जिन्याला रंग देताना शिडी सरकली आणि तो कुशीवर फरशीवर आदळला. हातावरचा निळा रंग अजून ओला होता. बरोबर त्याची बायको होती, कडेवर सात-आठ महिन्यांची मुलगी. बायकोच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. रंगारी मात्र दात आवळून थट्टा करत होता. नवी त्याला कलवायला लागली तशी म्हणाला, "ताई, तिरकं काम आमच्यात खपत नाही. गिऱ्हाईक पैसे कापतं." आणि लगेच कळवळून ओरडला.

नवीचा जीव कळवळला. तिने आणखी जोर लावला नाही. आकडा पंचेचाळीसचा आहे, माणूस उशीला टेकला आहे, मग झालं की. मी त्याच्या ओझ्याखाली जात राहिले, जात राहिले. वर यायचा मी फार प्रयत्न केला, मित्रांनो. फोमला प्रयत्न करता येत नाही, पण मी केला.

फोटो आले. त्या भोकाचा डोळा मिटत आलेला होता. नवीला जरासं खटकलंही, कारण ती फोटोकडे दोनदा वळली. पण पुन्हा काढायचं म्हणजे पुन्हा किरणं, पुन्हा त्या माणसाच्या किंकाळ्या. तिने फोटो पाकिटात घातले.

मंगळवारी डॉक्टर आले. रेघा मारल्या, कोनमापक ठेवला. सरळ फोटोत एक्कावन्न. एका कुशीला एकोणपन्नास. दुसऱ्या कुशीला त्रेपन्न. बायको दाराशी उभी होती. तिच्या वडिलांना एकदा ऑपरेशनला नेलं होतं आणि ते परत आले नव्हते, हे तिने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले की छत शाबूत आहे, ऑपरेशनची गरज नाही, आठ आठवडे पडून राहू द्या. ती भिंतीला टेकली आणि मुलीच्या केसांत तोंड लपवून रडली. आनंदाने.

तिच्या त्या आनंदाची मला जेवढी भीती वाटली, तेवढी आजवर कशाचीच वाटली नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. तिकडे वॉर्डात रंगारी पायाला वजन बांधून पडला होता. आत त्याचे तुकडे चिकटू लागले असतील, आणि इकडे सगळं कळूनही मी फळीवर नुसती बसून होते. वॉर्डात गलका फार, म्हणून बायको मुलीला पाजायला आमच्या पडद्यामागे येई. फोटो काढायचे नसले की नवी तिला आत घेई. दोघींची गट्टी जमली होती. पाजून झालं की बायको मुलीला माझ्यावर आडवं करी, दूध वर येऊ नये म्हणून. त्या लेकराला माझ्यावर चक्क झोप लागायची. तो अपवाद हाच. माझ्या अंगावर असलेलं ते सगळ्यात हलकं ओझं होतं, आणि माझ्या बापाला तू जन्मभर लंगडा करणार आहेस का, असंच जणू ते मला विचारत होतं.

गुरुवारी मुलगी झोपेतच घरंगळली. बायकोने तिला सावरलं, पुन्हा ठेवलं, ती पुन्हा घरंगळली. मग तिने माझ्या अंगावर सपाट हात ठेवून दाबून पाहिलं.

"ही उशी बसलीये हो आतून," ती नवीला म्हणाली. "आमच्याकडे गादी अशी बसली की पाठ धरते."

नवी म्हणाली की बसली असेल, जुनी आहे ती. आणि दोघी दुसऱ्याच विषयावर बोलायला लागल्या.

मित्रांनो, तेव्हा मला ओरडायचं होतं. ज्या बाईचा नवरा माझ्यामुळे चुकीचा मोजला गेला, तिनेच हात लावून चूक ओळखली होती. तिला ते माहीत नव्हतं. आणि मी फुस्स करून गप्प बसले.

पुढच्या सोमवारी दार उघडलं आणि फोटोबाई आत आल्या. लेक सुखरूप बाळंत झाली होती, नातू झाला होता. रजा चार दिवस उरली होती, पण त्या नुसतं सगळ्यांना भेटायला म्हणून डोकावल्या होत्या. नवीने त्यांना मधल्या काळातले फोटो दाखवायला घेतले. शाबासकी हवी असते ना नव्या माणसाला. बाई एकेक फोटो पेटीवर लावून "छान" म्हणत होत्या. रंगाऱ्याचा फोटो लावला आणि त्यांचा "छान" ओठांतच राहिला.

बाई त्या मिटत आलेल्या डोळ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खालच्या फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती.

"चादर कुठे गेली?"

नवीने विचारलं, कसली चादर. बाईंनी मला टेबलावर घेतलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. मी खाली गेले. त्यांनी हात काढले. मी वर आले नाही, निदान लगेच तरी नाही. नवी पुटपुटली, "त्या ताई म्हणाल्या होत्या. बसलीये म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, जुनी आहे."

बाई स्टुलावर बसल्या. आता त्यांना दोन वाटा होत्या. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. रजेवर त्या होत्या, फोटो नवीने काढले होते, कोन डॉक्टरांनी मोजला होता. आणि बोलल्या, तर पहिला प्रश्न त्यांनाच येणार होता : उशी बसली हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे? त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. त्या क्षणी आम्ही दोघी एकाच गोष्टीला घाबरत होतो.

बाई उठल्या आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. दोन वर्षांपासून, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. कुणी विचारायच्या आत.

डॉक्टर तासाभरात आले. मला वाटलं होतं, ते आगपाखड करतील. त्यांनी रंगाऱ्याचा फोटो पाहिला आणि ते भोक पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "हे मला दिसायला हवं होतं. मी बघतच नव्हतो."

रंगाऱ्याला पुन्हा आणलं. त्याला माझ्यावर टेकवल्यावर बाईंनी डॉक्टरांचा कोनमापक घेऊन त्याच्या पाठीचा कल मोजला. चौतीस. माझ्या अंगावर मात्र तोच आकडा : ४५. जमिनीने पोटात घ्यावं असं मला झालं. नवीने स्वतः चादर आणली, घड्या घातल्या, बाईंनी मोजत मोजत सारल्या. चाळीस. त्रेचाळीस. रंगारी ओरडत होता, त्याच्या बोटांनी माझं रेक्झिन चुरगाळलं जात होतं. "अजून थोडं," बाई म्हणत होत्या, "आणखी एकदाच, बाळा." मी त्याला दुखवत होते आणि आठवड्यापूर्वी मी त्याला एवढं दुखवलं असतं तर बरं झालं असतं. पंचेचाळीस. यंत्राने टक् केलं.

नव्या फोटोत डोळा टपोरा उघडला होता. डॉक्टरांनी रेघ मारली. सरळ फोटोतले एक्कावन्न तसेच राहिले, कारण त्यात मी नव्हतेच. पण जिथे एकोणपन्नास होते, तिथे आता छत्तीस भरले. भेग छताच्या ऐन ओझ्याच्या जागी गेली होती.

ऑपरेशन लागेल, उद्याच मोठ्या शहरात हलवायला हवं, आठवा दिवस आहे, असं डॉक्टर सांगत होते. बायको मुलीला घट्ट धरून ऐकत होती. वडील परत आले नव्हते ते तिच्या डोळ्यांत पुन्हा दिसत होतं. ती रडली नाही. ती चिडली.

"मंगळवारी हा फोटो खरा होता. आज तो फोटो खरा. उद्या आणखी तिसरा काढाल. मी विश्वास कुणावर ठेवू?"

फोटोबाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"माझ्यावर नका ठेवू," त्या म्हणाल्या. "माझीच चूक आहे. तुम्ही स्वतः बघा. हे भोक आणि ते भोक. कुठलं उघडं आहे?"

बायको पुढे आली. तिने एका फोटोवर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. बोट बराच वेळ त्या टपोऱ्या डोळ्याच्या कडेने फिरत राहिलं. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिला गुरुवार आठवला, हे मला दिसलं.

"मी म्हटलं होतं, ही बसलीये," ती हळूच म्हणाली.

टेबलावरून रंगारी बोलला. आवाज खोल गेला होता, पण थट्टा सुटली नव्हती. "अगं, मलाही त्या दिवशी पटलंच नव्हतं. भेग भरल्याशिवाय आम्ही भिंतीला रंग देतो का? वर वर हात मारून चालत नाही. जाऊ दे. आधी भरून घेऊ."

बायकोने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मागे राहिले ते माझ्या रेक्झिनवरचे त्याच्या नखांचे ओरखडे. ते अजून आहेत.

पुढचे साडेचार महिने कसे गेले ते माझं मला माहीत. कुणी काही सांगत नव्हतं. मग एके दिवशी तो आला, बगलेत एक कुबडी, पण आपल्या पायांनी. फोटो निघाला. वाटीत प्लेट आणि सहा स्क्रू चमकत होते. डॉक्टरांनी आता भेगेतली फट मोजली आणि ती एक मिलिमीटरपेक्षाही कमी निघाली. शिडीवर चढायचं नाव अजून वर्षभर काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं. म्हणाले, पुढे दुखणार नाही असं मी लिहून देत नाही, पण आज छत धरून आहे. रंगारी म्हणाला, तोवर खालच्या भिंती रंगवतो. मुलगी माझी कडा धरून उभी राहिली होती आणि माझ्या कोपऱ्याला चावत होती. चावू दे.

आता माझ्यावर कुणाला कलवत नाहीत. नवी कडक उशी आली आहे. शेजारी कागद चिकटवला आहे : दर महिन्याच्या एक तारखेला माणूस टेकवून कोन मोजावा, सही करावी. सही नवी करते, बाईंची रजा संपल्यावरही ती इथेच राहिली. माझ्या अंगावरचा आकडा बाईंनी काळ्या शाईने खोडला, तेव्हा मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. भांडारवाले मला न्यायला आले होते. बाईंनी नेऊ दिलं नाही. शिकायला कुणी नवं आलं की त्या मला पुढे करतात आणि म्हणतात, बघून काय सांगाल? सगळे म्हणतात, चांगली आहे. मग त्या म्हणतात, आता हात लावून सांगा.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. वापरातल्या वस्तूला अधूनमधून हात लावून बघत जा. तिच्यावर लिहिलेलं वाचून निघून जाऊ नका. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही फक्त हळूहळू खाली जातो. आणि तुमच्या हाताला एखादी युक्ती लागली असेल, तर ती मागून येणाऱ्याला सांगून जा. चार ओळी लिहून ठेवा. चादरीच्या चार घड्यांएवढ्या.

आणि आणखी एक.

त्या सोमवारी, रंगाऱ्याला वॉर्डात परत पाठवल्यावर, बाई आणि नवीने वही काढली. बाई रजेवर असताना माझ्यावर चौदा माणसं टेकली होती. बारा पाठीची. दोन खुब्याची. एक रंगारी. दुसरे ते घड्याळजी. डॉक्टरांनी घड्याळजींचा जुना फोटो पेटीवर लावला, तर त्यातही डोळा मिटत आलेला होता. वहीत पत्ता दुकानाचा होता. नवी स्वतः गेली. दुकानाला कुलूप होतं. शेजारचे म्हणाले, पुतण्या घेऊन गेला, कुठे ते ठाऊक नाही. बाईंनी दोन पत्रं टाकली. दोन्ही परत आली.

तुमच्या गल्लीत, तुमच्या ओळखीत, एखादे किडकिडीत म्हातारे घड्याळजी असतील, उठताना खुर्चीला धरून उठत असतील, तर त्यांना सांगा की परत या. फोटो पुन्हा काढायचा आहे. या वेळी नीट काढू. इतक्या दिवसांनी काय करता येईल ते मला ठाऊक नाही, पण डॉक्टर बघतील म्हणाले आहेत.

पेटीवरचं घड्याळ कुणी नीट लावलेलं नाही. नवी लावू देत नाही. बरा झालो की येऊन लावून देतो, असं ते म्हणाले होते. दार उघडलं की मी आधी दाराकडे बघते आणि मग घड्याळाकडे. ते अजून चार मिनिटं मागेच आहे.